मुकादमाचा निरोप आणि शाळेची नोटीस

शाळा आणि घर ही विद्यार्थ्याच्या जीवनरथाची दोन चाके आहेत, असे वाक्य आपण सर्वांनीच निबंधात कधी ना कधी लिहिलेले आहे. मीही दहावीत लिहिले होते आणि सरांनी त्याखाली लाल शाईची रेघ ओढून “छान” असा शेरा दिला होता. पण ही दोन चाके कोणत्या आसाने जोडलेली आहेत, हा प्रश्न निबंधात सहसा येत नाही. परीक्षा कधी आहे, कोणती शिष्यवृत्ती आली आहे, कोणता दाखला कोठे मिळतो, मूल आजारी पडले तर कोणाकडे जावे, ही बातमी शाळेतून घरापर्यंत जाते कशी? मुळात जाते का? आणि गेलीच तर घर तिचे काय करू शकते? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात मी माध्यमिक शाळेपुरता, आणि त्यातही बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या घरांपुरता करणार आहे. कारण ती घरे मला आतून ठाऊक आहेत. माझे आईवडील कोयत्यावर जातात, आणि आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच.

ज्यांना हा व्यवसाय परिचित नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून आणि त्याच्या आसपासच्या कोरडवाहू भागातून दरवर्षी लाखो माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात, ती मार्च-एप्रिलला परततात. नवरा-बायकोच्या जोडीला “एक कोयता” म्हणतात. मुकादम पावसाळ्यातच उचल देतो आणि ती हंगामभर ऊस तोडून फेडायची असते. लहान मुले बरोबर नेली जातात. हायस्कुलात जाणारी मुले बहुधा गावी आजी-आजोबांपाशी राहतात. मी आजीपाशी राहिले.

आता शाळेचे पंचांग या घराच्या पंचांगाशेजारी ठेवून पाहा. शाळा जूनच्या मध्याला उघडते. दहावीच्या बोर्डाचे अर्ज साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरले जातात. आठवीच्या मुलांसाठी असलेली राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा, जिला सर्वजण एन.एम.एम.एस. म्हणतात, बहुधा डिसेंबरात होते. दहावीच्या तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा फेब्रुवारीत, लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे हायस्कुलातील जवळजवळ प्रत्येक महत्त्वाची तारीख ही आईवडील तीनचारशे किलोमीटर दूर फडात असतानाची तारीख आहे. ते घरी असतात त्या काळात उन्हाळी सुटी असते. उरतात जून ते दसरा हे चार महिने. शाळेला या घराशी जे काही बोलायचे आहे ते या चार महिन्यांत बोलता येते. पुढे घरात आजी असते, आणि तिच्यासमोर एक कागद.

त्या कागदाविषयी थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते. शाळेची नोटीस ही मराठी भाषेतली एक स्वतंत्र शैलीच आहे. “सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, खालील कागदपत्रांची पूर्तता विहित मुदतीत करण्यात यावी, अन्यथा होणाऱ्या नुकसानीस शाळा जबाबदार राहणार नाही.” मी आठवीत असताना अशी एक नोटीस आजीला वाचून दाखवली, तेव्हा तिने विचारले, “हे संबंधित कोन गं? आपल्या गावचे हायती का?” आजीचा प्रश्न त्या वेळी मला विनोदी वाटला. आज मला तो त्या नोटिशीवरचा सर्वांत नेमका अभिप्राय वाटतो. नोटिशीत करणारा माणूस कोठेच नसतो. कळविले जाते, पूर्तता केली जाते, मुदत विहित असते. कोणी, कोठे जाऊन, कोणाला भेटून, किती पैसे बरोबर घेऊन, किती तारखेपर्यंत काय करायचे, हे मात्र त्यात नसते. शेवटचे वाक्य तेवढे स्वच्छ असते, आणि ते शाळेच्या बचावाचे असते.

शिवाय ही नोटीस नेणारा टपालवाला कोण, तर विद्यार्थी स्वतः! ज्या घरात वाचणारे दुसरे कोणी नाही, त्या घरात मूलच निरोप्या, मूलच दुभाषा आणि बऱ्याच वेळा मूलच संपादक असते. कोणती बातमी घरी न्यायची आणि कोणती दप्तरातच ठेवायची हे ते ठरवते. आमच्या वर्गातील एक जण प्रगतिपुस्तकातील गणिताचे गुण आईला नेहमी उलटे वाचून दाखवीत असे, सत्तावीसचे बहात्तर करून. त्याच्या आईने मोठ्या समाधानाने अंगठा उठवला. यात हसण्यासारखे आहे हे खरे. पण ज्याच्याविषयीची बातमी आहे त्याच्याच हाती ती दिल्यावर ती अशीच पोहोचणार! सुशिक्षित घरातही मुले लपवतात, पण तेथे दुसरी वाट असते. आईवडील फोन करतात, वर्गशिक्षकांना बाजारात गाठतात, शेजाऱ्याच्या मुलाला विचारतात. आमच्याकडे दुसरी वाट नाही.

याच वस्तीवर दुसरा एक निरोप मात्र दरवर्षी बिनचूक पोहोचतो, तो मुकादमाचा. “अमुक दिवशी रात्री दहाला मारुतीच्या पारापाशी ट्रॅक्टर येईल” हा निरोप एका संध्याकाळात प्रत्येक उंबऱ्यावर जातो. कागद नाही, शिक्का नाही, तरी कोणी चुकत नाही. हे कसे होते, हे मी गेल्या पावसाळ्यात मुद्दाम लक्ष देऊन पाहिले. मुकादम स्वतः येतो किंवा आपला माणूस पाठवतो. तो दिवेलागणीला येतो, कारण त्या वेळी माणसे घरी असतात. तो घरच्या बाईशीही बोलतो, कारण बाजरीचे पीठ, तवा, ताडपत्री, लेकराचे कपडे यांची बांधाबांध तीच करणार असते. काय बरोबर घ्यायचे ते तो नावे घेऊन सांगतो. मग उंबऱ्यावर बसतो, आणि त्याला प्रश्न विचारले जातात: कारखाना कोणता, पाणी जवळ आहे का, म्हातारीला आणले तर चालेल का. या प्रश्नांची उत्तरे दिल्याशिवाय तो उठत नाही. दोन दिवसांनी पुन्हा एक चक्कर मारून जातो.

मुकादमाचे कौतुक करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. त्याची उचल आमच्या गळ्याभोवती कशी असते हे मला माहीत आहे. तो उंबऱ्यावर येतो कारण त्याचे पैसे त्या घरात गुंतलेले असतात. पण म्हणूनच मनात येते की, शाळेचेही त्या घरात काही गुंतलेले नाही काय?

निरोप न पोहोचण्याची किंमत काय असते याचे एकच उदाहरण देते. माझी एक चुलत बहीण २०१९ साली दहावीला बसली. जूनमध्ये निकाल लागला आणि ती गणितात राहिली. बाकी सर्व विषयांत उत्तीर्ण. आपल्या राज्यात २०१५ पासून दहावीला अनुत्तीर्ण झालेल्यांसाठी त्याच वर्षी जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा घेतली जाते (कोरोनाच्या वर्षांत ती पुढे गेली, एवढाच अपवाद), म्हणजे वर्ष वाया जात नाही. शिवाय एक किंवा दोन विषय राहिलेल्याला ए.टी.के.टी. घेऊन अकरावीत बसता येते. या दोन्ही गोष्टी शाळेच्या फळ्यावर लिहिल्या होत्या म्हणतात, आणि त्या लिहिल्या असतीलही. पण नापास झालेली मुलगी फळा वाचायला शाळेत जात नाही. गुणपत्रिका आणायलाही तिने धाकट्या भावाला पाठवले. अर्ज भरण्याचे दिवस थोडे असतात, ते गेले. माझ्या चुलत्याला एवढेच कळले होते की पोरगी नापास झाली आणि शाळा संपली. त्याच वर्षी दिवाळीनंतर तिचे लग्न झाले आणि ती नव्या कोयत्यातली निम्मी भागीदार होऊन फडात गेली. तिला पुरवणी परीक्षेची गोष्ट मी अकरावीत गेल्यावर सांगितली. ती म्हणाली, “आसं व्हतं व्हय? मला कुनी बोललंच न्हाई.” पुढे ती त्याविषयी बोलली नाही, आणि मीही तो विषय काढला नाही.

त्याच साली मी आठवीत होते. आमच्या वर्गाला विज्ञान शिकविणाऱ्या बाई दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी आमच्या घरी आल्या. त्या ओसरीवर बसल्या, चहा घेतला, आणि माझ्या वडिलांना म्हणाल्या, “अण्णा, गाडी भरायच्या आधी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. तुम्ही गेल्यावर सही कोण करणार?” अण्णांनी विचारले, कशासाठी. बाईंनी सांगितले की डिसेंबरात एक परीक्षा आहे. त्यात पोरगी निवडली गेली तर नववी ते बारावी दरवर्षी बारा हजार रुपये तिच्या खात्यात येतील. अण्णांनी बोटांवर हिशेब केला: चार वर्षांचे अठ्ठेचाळीस हजार. त्या वर्षीच्या उचलीशी त्यांनी तो ताडून पाहिला असावा, असे मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले. दुसऱ्याच दिवशी ते सेतू केंद्रावर जाऊन आले.

या शिष्यवृत्तीविषयी येथे थोडी माहिती देते. वाचकांच्या धाकट्या भावंडांना ती उपयोगी पडेल. ही केंद्र शासनाची योजना २००८ पासून चालू आहे. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील, पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असलेले आठवीचे विद्यार्थी तिला बसू शकतात. सातवीत ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातींना त्यात पाच टक्क्यांची सवलत आहे. बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय असे दोन पेपर असतात. देशात एक लाख शिष्यवृत्त्या असून महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२ येतात. पण परीक्षेत निवड झाली म्हणजे काम संपले असे नाही. दरवर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नूतनीकरणाचा अर्ज भरावा लागतो, आणि अकरावीत ती चालू राहण्यासाठी दहावीत ६० टक्के लागतात. म्हणजे एकाच शिष्यवृत्तीची बातमी घराला चार वेळा कळावी लागते. अकरावीत मुलगी दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात जाते, तेथे तिच्या शिष्यवृत्तीची कोणाला कल्पना नसते, आणि तिसरा-चौथा हप्ता अनेकांच्या हातून येथेच निसटतो. माझ्या बाईंनी हे मला दहावीच्या निरोप समारंभाच्या दिवशी वहीच्या मागच्या पानावर लिहून दिले होते. ते पान मी बारावी होईपर्यंत फाडले नाही.

चुलत बहिणीत आणि माझ्यात बुद्धीचा फरक होता असे मी मानत नाही. गणित मलाही तीच शिकवत असे.

मधल्या काळात भ्रमणध्वनी आला. आता प्रत्येक घरी व्हॉट्सअ‍ॅप आहे, मग अडचण कोठे राहिली, असे कोणी विचारील. अडचण अशी की फोन घरात एकच असतो आणि तो अण्णांबरोबर फडात जातो. २०२०-२१ मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा माझा नववीचा अभ्यास कोल्हापूरकडच्या एका उसाच्या फडात पोहोचत होता आणि मी बीड जिल्ह्यात होते! शाळेच्या गटावर सूचना येत त्या इंग्रजी लिपीत लिहिलेल्या मराठीत किंवा पी.डी.एफ.च्या स्वरूपात, आणि त्यांच्या आगेमागे सूर्योदय, गुलाबाची फुले व सुविचार असत. अण्णा चौथीपर्यंत शिकलेले आहेत. देवनागरी ते सावकाश वाचतात. इंग्रजी अक्षरांतले मराठी त्यांना वाचता येत नाही. त्यांना कळत होते एवढेच की शाळेतून काहीतरी आले आहे.

यावर तोडगा पुन्हा त्या विज्ञानाच्या बाईंनीच काढला. त्या लिहिण्याऐवजी बोलू लागल्या. रात्री आठ-साडेआठच्या सुमारास त्या एका मिनिटाचा आवाजी निरोप पाठवीत: उद्या काय आहे, मुलीला कोणते पान वाचायला सांगा, कोणता कागद लागेल. त्या वेळेपर्यंत फडातली माणसे कोपीवर परतून भाकरी खात असत. अण्णा तो निरोप मोठ्या आवाजात लावत. शेजारच्या कोप्यांतली माणसेही ऐकत, कारण त्यांचीही मुले त्याच शाळेत होती. एखादा शब्द कळला नाही तर पुन्हा लावत. मग गल्लीतल्या दुकानदाराच्या फोनवर अण्णांचा फोन येई आणि मला हाक मारली जाई. एवढा वळसा घेऊन का होईना, निरोप पोहोचत असे. मुकादमाच्या पद्धतीशी ही पद्धत किती जुळते पाहा: माणसाचा आवाज, माणसे घरी असण्याची वेळ आणि नेमके काम. उंबऱ्यावर बसून प्रश्नांना उत्तर देणे तेवढे राहिले होते, तर त्यासाठी बाई अण्णांचा फोन घेत.

वस्तुतः यात नवीन असे काहीच नाही. स्वतः कधी शाळेत न गेलेल्या गाडगेबाबांनी खेड्यापाड्यांत शिक्षणाची बातमी नेली ती कीर्तनातून, आणि त्यांचे कीर्तन म्हणजे समोरच्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर वदवून घेणे. सत्यशोधकांच्या जलशांनी तेच काम तमाशाच्या ओळखीच्या रूपात केले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली ती जाहिरात देऊन मुले जमवून नव्हे. गावोगाव फिरून, पालकांशी बोलून त्यांनी मुले वसतिगृहात आणली. राजर्षी शाहूंनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. दंड चांगला की वाईट हा वेगळा विषय. पण दंड करायचा तर आधी त्या घराला कायदा माहीत करून द्यावा लागतो, म्हणजे कोणाला तरी तेथवर जावे लागते. पुढे शाळा वाढल्या, आणि शाळेने घरी जाण्याऐवजी घराने शाळेत यावे अशी अपेक्षा रूढ झाली.

पालकसभा हे त्याचे उदाहरण होय. आमच्याकडे ती बहुधा कामाच्या दिवशी सकाळी अकराला असते. खुरपणीच्या दिवसांत त्या सभेला जाणे म्हणजे बाईने एक रोज बुडविणे. एवढे करून गेल्यावर तेथे मिळते काय? पाहुण्यांचा सत्कार, प्रास्ताविक, आभार. शेवटच्या पाच मिनिटांत मुलांविषयी सांगतात, तोवर माय उठून आलेली असते, कारण शेळ्या सोडायच्या असतात. मग “पालकांना आपल्या पाल्यांविषयी आस्था नाही” असा निष्कर्ष काढला जातो. मी हे वाक्य अनेक भाषणांत ऐकले आहे. आस्था मोजण्याचे हे माप मला मान्य नाही. ज्या बाईने चारशे रुपयांचा रोज बुडवून सत्कार पाहिला तिची आस्था पाहुण्यांपेक्षा जास्तच मानावी लागेल.

याबाबत कायदा काय म्हणतो हे मी पाहिले. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार स्थापन होणाऱ्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे आहे. पण तो कायदा आठवीपर्यंतचा. हायस्कुलातील घरांना अधिक उपयोगी अशी तरतूद मला अनपेक्षित ठिकाणी सापडली. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ म्हटला की आपल्याला दहा रुपयांचा तिकीट लावलेला अर्ज आठवतो. परंतु त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये, कोणी न मागताही माहिती स्वतःहून लोकांपुढे ठेवण्याचे कर्तव्य सार्वजनिक प्राधिकरणांवर टाकले आहे, आणि शासनाच्या भरीव निधीवर चालणाऱ्या संस्था त्यात येतात. ती माहिती देताना स्थानिक भाषा आणि त्या भागातील सर्वांत परिणामकारक संपर्कपद्धती विचारात घ्यावी, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. सूचनाफलक, वर्तमानपत्र यांच्याबरोबर सार्वजनिक घोषणेचाही उल्लेख आहे. म्हणजे दवंडी कायद्यात बसते! बाजारच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या कर्ण्यावरून शिष्यवृत्तीची तारीख सांगणे ही कोणाची मेहेरबानी नव्हे. कायद्याला तेच अपेक्षित आहे.

बातमी केवळ शाळेच्या आतलीच असते असेही नाही. शाळेच्या भोवती घराला उपयोगी पडणाऱ्या अनेक गोष्टी असतात आणि त्या सांगणारे गावातील सर्वांत सोयीचे ठिकाण शाळाच असते. मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत आहे. इतर विद्यार्थ्यांना भाड्याच्या साधारण एक तृतीयांशात पास मिळतो. २०२४ पासून महामंडळाने हे पास थेट शाळेत आणून देण्यास सुरुवात केली. आगारात रांग लावण्यासाठी जाणारा दिवस वाचला, हे मला फार चांगले पाऊल वाटते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते. त्यात दृष्टिदोष निघाला तर चष्म्यासाठी कोठे जायचे हे घरी कळले पाहिजे, नाहीतर मूल पुन्हा पहिल्या बाकावर बसवून प्रश्न मिटविला जातो. संकटातील मुलासाठी १०९८ हा क्रमांक आहे. बालविवाहाची कुणकुण लागली तर तोच लावायचा. जे आईवडील लहान भावंडांना फडात नेतात त्यांना शाळेने शिक्षण हमी कार्ड दिले पाहिजे, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्यांना बसता येते. गावी राहणाऱ्या आठवीपर्यंतच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मोठ्या मुलांसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर झाली: ४१ तालुक्यांत मुलांचे एक व मुलींचे एक, अशी ८२ वसतिगृहे. आमच्या गल्लीत मी दिवाळीच्या सुटीत घरोघर विचारले. कोयता, टोळी, टायरगाडी यांचे दर सर्वांना तोंडपाठ होते. वसतिगृहाचे नाव फार थोड्यांनी ऐकले होते, आणि अर्ज कोठे करायचा हे त्यांतल्या कोणालाच सांगता आले नाही.

२०२५ मध्ये यात एक नवी भर पडली. तोपर्यंत मुंबई, पुणे, नागपूर अशा निवडक शहरी क्षेत्रांपुरता असलेला अकरावीचा ऑनलाइन प्रवेश त्या वर्षापासून सर्व राज्याला लागू झाला. माझा धाकटा भाऊ त्याच वर्षी दहावी झाला. अर्जात एक ते दहा महाविद्यालयांचा पसंतीक्रम द्यायचा होता, आणि पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तेथे प्रवेश घेणे बंधनकारक. न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाद. हा एक नियम घरी माहीत असणे किंवा नसणे यावर वर्ष अवलंबून होते. आमच्या गावातील एका मुलाने अर्ज भरून देणाऱ्याच्या सांगण्यावरून पहिल्या क्रमांकावर शहरातील मोठे महाविद्यालय टाकले, आणि ते त्याला मिळाले! राहण्या-जेवण्याचा खर्च ऐकून त्याच्या वडिलांनी हात टेकले. भावाचा अर्ज मी वसतिगृहातून फोनवर सांगत भरून घेतला. ज्यांच्या घरात महाविद्यालयात गेलेली बहीण नाही, त्यांनी काय करावे?

शिक्षकांना दोष देऊन मोकळे व्हावे असे मला वाटत नाही. हायस्कुलात लिपिक एक, कित्येक जागा रिकाम्या, आणि निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंत सर्व कामे त्यांच्याच डोक्यावर. प्रत्येक घरी जा असे त्यांना कोणत्या तोंडाने सांगावे? पण नोटिशीची भाषा बदलायला मनुष्यबळ लागत नाही. मी एक नमुना करून आमच्या शाळेतील लिपिककाकांना दाखविला. तो असा:

“ज्यांची मुलगी किंवा मुलगा आठवीत आहे त्यांच्यासाठी. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढायचा आहे. बुधवारी बाजाराला जाल तेव्हा सेतू केंद्रावर जा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर न्या. तलाठ्यांचा अहवाल लागतो, तो आधी घ्या. कारखान्याला जाण्याआधी हे काम करा, नंतर तुमची सही मिळणार नाही. जातीचा दाखला अजून काढला नसेल तर आजोबांच्या शाळेचा जुना निर्गम उतारा शोधायला आताच लागा. भटक्या-विमुक्तांना १९६१ च्या आधीचा पुरावा लागतो आणि तो शोधण्यात महिने जातात. काही कळले नाही तर संध्याकाळी सातनंतर फोन करा.”

काकांनी तो वाचला आणि म्हणाले, “सगळं खरं आहे, पण याला जावक क्रमांक कसा देऊ?” तरीही त्यांनी तो ठेवून घेतला. पुढे तो पिठाच्या गिरणीच्या दारावर चिकटवलेला मी पाहिला; जावक क्रमांक नव्हता, आणि खालच्या फोन नंबरावर पिठाची बोटे उमटलेली होती.

आमच्या महाविद्यालयाची राष्ट्रीय सेवा योजना दरवर्षी सात दिवसांचे शिबिर घेते. आपण गावात जातो, गटारे साफ करतो, वृक्षारोपण करतो, सायंकाळी व्याख्यान ठेवतो. मी शिबिरात होते आणि मला ते आवडले. त्या सात सायंकाळींपैकी दोन आपण व्याख्यानाऐवजी ओसरीवर बसण्यासाठी दिल्या, प्रत्येकी चार-पाच घरे वाटून घेतली, तर त्या गावातील आठवी ते दहावीच्या प्रत्येक घरी एकदा तरी कोणी जाऊन बसेल. दाखले, शिष्यवृत्ती, पुरवणी परीक्षा, सतरा नंबरचा फॉर्म, वसतिगृह, पास एवढे सांगायला आणि प्रश्न ऐकून घ्यायला आपल्याला येते. आपण सर्व त्यातूनच आलो आहोत. फक्त एक बदल करावा लागेल. आपले शिबिर डिसेंबर-जानेवारीत असते, तेव्हा त्या घरांना कुलूप असते. कार्यक्रम अधिकारी सरांना मी विनंती केली आहे की पुढील वर्षीच्या शिबिराची तारीख ठरविताना ट्रॅक्टर कधी निघणार हे आधी एखाद्या मुकादमाला विचारून घ्यावे.